रब्बी मोझेस यांचे मौन

प्रार्थना करताना आपण परमेश्वराला किती विशेषणे लावतो! दयाळू, सर्वज्ञ, सर्वशक्तिमान. या शब्दांनी परमेश्वराविषयी खरोखर काही सांगितले जाते काय? यहुदी तत्त्वचिंतक आणि वैद्य मोझेस मायमोनिडीस (११३८–१२०४) यांनी हा प्रश्न 'संभ्रमितांचा वाटाड्या' या ग्रंथात कमालीच्या निर्धाराने विचारला. कोर्दोबात जन्मलेल्या आणि छळामुळे परागंदा होऊन इजिप्तमध्ये स्थिरावलेल्या या रब्बींनी तो सुमारे ११९० साली अरबी भाषेत लिहून पूर्ण केला.

त्यांचे म्हणणे असे : परमेश्वर निखळ एक आहे. त्याला गुण चिकटवले, की त्या एकत्वाला तडा जातो. म्हणून 'परमेश्वर ज्ञानी आहे' याचा अर्थ 'तो अज्ञानी नाही' एवढाच. येथे ते तालमूदमधील एक कथा उलगडतात. प्रार्थना चालवणारा एक जण स्तुतीची विशेषणे वाढवीत जातो. रब्बी हनीना त्याला विचारतात, ज्याच्यापाशी लक्षावधी सुवर्णनाणी आहेत, त्या राजाची रौप्यनाण्यांसाठी स्तुती करणे हा त्याचा अपमान नव्हे काय? मायमोनिडीस यांची मार्मिकता अशी, की कथेत थोड्या सोन्याचा नव्हे, तर चांदीचा उल्लेख आहे, हे ते दाखवून देतात. आपले गुण परमेश्वराच्या पूर्णतेपेक्षा केवळ उणे नाहीत. त्यांची जातच निराळी आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी हा ग्रंथ लॅटिन भाषांतरातून अभ्यासला आणि आपल्या 'सुम्मा'मध्ये 'रब्बी मोझेस' असा नामोल्लेख करून त्यांचे मत खोडले. 'परमेश्वर जिवंत आहे' असे म्हणणाऱ्या भाविकाला 'तो निर्जीव नाही' याहून अधिक काही म्हणायचे असते, हा त्यांचा आक्षेप. सृष्टीतील चांगुलपणा हे परमेश्वराच्या चांगुलपणाचे अपुरे, परंतु खरे प्रतिबिंब आहे. प्रभू येशूने शिकवलेला 'पिता' हा शब्द निव्वळ नकारात मावत नाही, म्हणून येथे थॉमस यांचे पारडे जड ठरते. तरीही परमेश्वर काय आहे यापेक्षा तो काय नाही हेच आपण जाणू शकतो, हे थॉमसही बजावतात. रब्बींचा इशारा त्यांनी टाकून दिला नाही.

ग्रंथातील खरा दोष मला अन्यत्र दिसतो. अखेरीस येणाऱ्या राजवाड्याच्या दृष्टांतात, नियम पाळणाऱ्या अडाणी भाविकांना राजाचा वाडाही दिसत नाही. आत प्रवेश मिळतो तो विचारवंतांना. श्रद्धेची ही उतरंड बोचते. परंतु ग्रंथ तेथे थांबत नाही. संदेष्टा यिर्मया याच्या आधारे तो सांगतो, की परमेश्वराला जाणणाऱ्याने पृथ्वीवर दया, न्याय आणि नीतिमत्ता आचरावी.

या शेवटामागे एक जगलेले आयुष्य आहे. रत्नांचा व्यापार करणारा भाऊ दाविद हिंदी महासागरात बुडाला, तेव्हा मायमोनिडीस वर्षभर अंथरुणाला खिळले होते. पुढे वैद्यकी हीच त्यांची उपजीविका झाली. ११९९ साली ते आपल्या हिब्रू भाषांतरकाराला कळवतात : सकाळी सुलतानाच्या दरबारी जायचे, दुपारनंतर भुकेल्या पोटी घरी परतायचे, तो दालन यहुदी आणि परधर्मीय रुग्णांनी भरलेले, थकव्याने आडवे पडूनच औषधे सांगायची. ज्यांना दृष्टांतात वाडा दिसला नाही, त्यांच्यासाठी वैद्याचे दार मात्र उघडे होते. दृष्टांताचा कोतेपणा त्यांच्या दिनक्रमाने भरून काढला, असे म्हणावेसे वाटते.

१२४२ साली पॅरिसमध्ये तालमूदची हस्तलिखिते गाड्या भरभरून जाळली गेली. त्याच शतकात थॉमस यांनी एका यहुदी रब्बीचे म्हणणे नीट वाचले, मान देऊन मांडले आणि युक्तिवादाने नाकारले. ख्रिस्तसभेने १९६५ च्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्राद्वारे यहुदी बांधवांशी संवादाचे आवाहन केले. मतभेद राखूनही ऐकता येते, याचा नमुना थॉमस यांनी सात शतके आधी घालून दिला होता. मायमोनिडीस वाचल्यावर आपली प्रार्थना बंद पडणार नाही. तिच्यातील चार विशेषणे गळतील आणि उरलेले शब्द आपण अधिक जपून उच्चारू.