32 टक्के की 26 टक्के? एका गाजलेल्या रिव्ह्यूची उलटतपासणी

पेट किंवा नेट पास झालात, आता सिनॉप्सिस लिहायचाय. गाइड म्हणतात, "आधी सिस्टिमॅटिक रिव्ह्यू वाचा." सल्ला बरोबरच आहे. पण रिव्ह्यूमधला आकडा उचलून आपल्या पहिल्या पानावर चिकटवण्याआधी काय तपासायचं, ते आज एक पेपर समोर ठेवून बघूया.

पेपर 2009 चा, ब्रिटनमधल्या वेडलेक आणि सहकाऱ्यांचा. विषय पित्ताम्लांचं अपशोषण. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. चरबी पचवायचं काम झालं की त्यातली सुमारे 95 टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पुन्हा शोषली जातात आणि यकृताकडे परततात. हे चक्र बिघडलं की जास्तीची पित्ताम्लं मोठ्या आतड्यात उतरतात, तिथे पाणी सुटतं आणि जुलाब लागतात. माणूस बाहेर पडताना आधी संडास कुठे आहे ते बघून ठेवतो, प्रवासाच्या दिवशी उपाशी राहतो. अशा अनेकांच्या केसपेपरवर वर्षानुवर्षं फक्त 'आयबीएस' लिहिलेलं असतं.

रिव्ह्यूचा प्रश्न हाच होता: जुलाबाचा आयबीएस म्हणून पाहिलेल्या रुग्णांपैकी किती जणांना खरं तर हा त्रास आहे? मोजमाप 'सेहकॅट' चाचणीचं. किरणोत्सारी सेलेनियम जोडलेलं कृत्रिम पित्ताम्ल कॅप्सूलमधून देतात आणि 7 दिवसांनी शरीरात किती उरलं ते मोजतात. 15 टक्क्यांपेक्षा कमी उरलं तर बिघाड.

एकूण 18 अभ्यास, 1223 रुग्ण. 5 टक्क्यांपेक्षा कमी उरलेले रुग्ण 10 टक्के, 10 पेक्षा कमी उरलेले 32 टक्के आणि 15 पेक्षा कमी उरलेले 26 टक्के.

इथे थांबा आणि पुन्हा वाचा. ज्याच्या शरीरात 10 पेक्षा कमी उरलं, त्याचं 15 पेक्षा कमी असणारच. मग मर्यादा सैल केल्यावर आकडा वाढायला हवा ना? इथे तो घटलाय! ही बेरजेची चूक नाही. पहिला आकडा 5 अभ्यासांतून आलाय, दुसरा 17 मधून, तिसरा 7 मधून. म्हणजे हे तीन आकडे एकाच जिन्याच्या पायऱ्या नाहीतच, तीन वेगळ्या गर्दींचे फोटो आहेत. लेखकांनी प्रत्येक आकड्याशेजारी अभ्यासांची संख्या दिली आहे, लपवलेलं काही नाही. उचलताना ती संख्या आपणच गाळतो. मीही माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये बिनधास्त 'एक तृतीयांश रुग्ण' असं लिहिलं होतं.

दुसरा मुद्दा उपचाराचा. कोलेस्टिरामीन हे पित्ताम्लांना बांधून ठेवणारं औषध. 5 पेक्षा कमी गटात 96 टक्के, 10 पेक्षा कमी गटात 80 टक्के आणि 15 पेक्षा कमी गटात 70 टक्के रुग्णांनी त्याला प्रतिसाद दिला. बिघाड जितका मोठा तितका गुण जास्त, ही या पेपरची सगळ्यात भक्कम बाजू. पण प्रतिसाद कशाच्या तुलनेत? आयबीएसच्या चाचण्यांत नुसत्या प्लासिबोनेही साधारण 35 ते 40 टक्के लोकांना बरं वाटतं. शिवाय डॉक्टर आणि रुग्ण, दोघांनाही स्कॅनचा रिपोर्ट माहीत असेल, तर अपेक्षाही त्या रिपोर्टप्रमाणेच वाढते.

आणि 'प्रतिसाद' म्हणजे 'निभावणं' नव्हे. हे औषध म्हणजे रवाळ पावडर, पाण्यात कालवून प्यायची. ती बाकीच्या गोळ्यांनाही धरून ठेवते, म्हणून त्या 1 तास आधी किंवा 4 ते 6 तासांनंतर घ्याव्या लागतात. पोट फुगतं, चव नकोशी होते. थायरॉइड, बीपी, शुगर अशा तीन गोळ्या असलेल्या माणसाने दिवसाचं घड्याळ कसं लावायचं? 96 टक्क्यांतले किती जण वर्षभरानंतरही पावडर घेतात, हे त्या आकड्यातून कळत नाही. रुग्णाच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच असतो.

तिसरा मुद्दा नावाचा. त्याच 2009 मध्ये, या रिव्ह्यूचे एक सहलेखक वॉल्टर्स यांनी वेगळी यंत्रणा मांडली. आतड्यातून निघणारं एफजीएफ-19 हे संप्रेरक यकृताला 'आता पुरे' असा निरोप देतं. रुग्णांमध्ये ते कमी आढळलं. म्हणजे अनेकांत शोषण ठीक असूनही उत्पादनच जास्त होत असावं. म्हणून आता 'पित्ताम्लजन्य जुलाब' हे नाव रूढ होतंय. 'अपशोषण' म्हटलं की कारण आधीच ठरवून टाकल्यासारखं होतं.

मग पेपर टाकाऊ का? अजिबात नाही. 'आयबीएस' म्हणून सोडून दिलेल्या लोकांत शोधण्याजोगं, उपचार करण्याजोगं कारण आहे, हे त्याने ठसवलं. पण ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने 2012 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये सेहकॅटबद्दल पुरावा अपुरा असल्याचंच म्हटलं. इतके रुग्ण मोजूनही प्रश्न सुटला नाही, कारण अडचण संख्येची नव्हती, तुलनेच्या गटाची होती.

तर सिनॉप्सिसमध्ये 'एक तृतीयांश रुग्णांना हा आजार असतो' असं लिहू नका. असं लिहा: '17 अभ्यासांतल्या 1073 रुग्णांपैकी 32 टक्क्यांमध्ये सेहकॅट 10 टक्क्यांपेक्षा कमी आढळलं.' वाक्य लांब होतं, पण व्हायवाला परीक्षकांनी बोट ठेवलं तर ते तुम्हाला वाचवेल.