‘एअरलिफ्ट’ पाहून झाल्यावर



२०१६ साली आलेला ‘एअरलिफ्ट’ हा हिंदी चित्रपट आम्ही नुकताच पुन्हा पाहिला. १९९० च्या ऑगस्टात सद्दामने कुवेत गिळले, तेव्हाची ही गोष्ट. पुढच्या जानेवारीत त्याचीच स्कड क्षेपणास्त्रे तेल अवीव-रमत गानवर पडली आणि आपण मुखवटे लावून ‘हेदेर अतुम’मध्ये बसलो. म्हणून ही कथा आपल्याला परकी नाही.

चित्रपट खिळवून ठेवतो. अक्षय कुमारचा रणजित कात्याल हा स्वतःला कुवेती समजणारा धनिक व्यापारी. आपला ड्रायव्हर मारला गेल्यावर तो बदलतो. निमरत कौरने पत्नीचे कामही समजून केले आहे. शेवटी तिरंगा फडकतो आणि डोळे ओले होतात.

आमची तक्रार वेगळी आहे. रणजितचे काम होते ते ओळखीवर. इराकी मेजर त्याच्या जुन्या परिचयाचा. सत्तेपाशी ओळख असली की वाट मिळते, हे दिग्दर्शक राजा कृष्ण मेनन यांनी बरोबर हेरले. पण सारे श्रेय एकाच नायकाला दिले. प्रत्यक्षात परराष्ट्रमंत्री इंदरकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दामला भेटले. त्या गळाभेटीवर पुष्कळ टीका झाली, पण माणसे सुटली. एअर इंडियाने ४८८ फेऱ्यांत १ लाख ११ हजारांवर लोक मायदेशी आणले. मथुनी मॅथ्यूज यांच्यासारखे कुवेतमधले भारतीय, अधिकारी, वैमानिक अशा अनेकांचे ते काम. परराष्ट्र मंत्रालयानेही तेव्हा चित्रपटावर नाराजी व्यक्त केली होती.

आणि ज्यांची कुणाशीच ओळख नव्हती ते? पडद्यावर ते नुसती गर्दी आहेत. आज त्यांना पाहायचे तर कुवेत विमानतळाजवळच्या जलीब अल-शुयुखमधल्या अब्बासियात जावे. तिथे भारतीयांची, त्यातही मल्याळी लोकांची दाट वस्ती आहे. कुवेतचे रस्ते, मनोरे, कारखाने यांचे करार सरकारे आणि कंपन्या करतात. गवंड्याचा व्हिसा मात्र कफीलच्या, म्हणजे मालकाच्या नावाला बांधलेला. त्याच्या संमतीशिवाय नोकरी बदलणे कठीण. जून २०२४ मध्ये मंगफला कामगारांच्या इमारतीस आग लागली. तेव्हाही भारताचे विमान गेले. ४५ मृतदेह घेऊन ते कोचीला उतरले.

माणसाला विमानात बसवणे वेगळे आणि त्याला मान देणे वेगळे, हे १९६४ पर्यंत आपल्या हक्कासाठी झगडलेल्या बेने इस्रायल समाजाला कोणी शिकवायला नको. तरी कुवेतकडे बोट दाखवताना जपावे. परदेशी कामगाराला एकाच मालकाशी बांधण्याची पद्धत आपल्या इस्रायलमध्येही होती. सर्वोच्च न्यायालयाने ती २००६ साली अवैध ठरवली. आपल्यापैकी काहींना रोज हात धरून चालवणारी मेटापेलेत भारतातूनच आली आहे. एजंटाला तिने किती पैसे दिले, कर्ज फिटले का, हे आपण कधी विचारले आहे का?

चित्रपट जरूर पाहा. जमल्यास तिला शेजारी बसवून पाहा, आणि संपल्यावर टीव्ही बंद करून तिच्याशी दोन शब्द बोला.