चाळणी कोणाच्या हाती?
फळ्याशेजारच्या पडद्यावर हृदयाची आकृती उघडावी आणि बाजूला जुगाराची जाहिरात नाचू लागावी, हे आता नवीन नाही. यावर २०१४ पासून मोफत मिळणारे ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे एक्स्टेन्शन उत्तम. ब्राउझरची प्रत्येक मागणी बाहेर जाण्याआधी ते स्वतः तपासते. क्रोमने २०२४-२५ मध्ये हा अधिकारच काढून घेतला; आता एक्स्टेन्शनने फक्त नियमांची यादी द्यायची, अडवणार ब्राउझर. कारण दिले सुरक्षिततेचे. ते अगदीच खोटे नाही, पण गूगलची मुख्य मिळकत जाहिरातींची आहे, हे कसे विसरावे? ‘लाइट’ आवृत्ती क्रोमवर चालते, तिची चाळणी मात्र भरड. शाळेच्या संगणकावर फायरफॉक्स घालावा. तिथे जुनी सोय शाबूत आहे. (फायरफॉक्सवाल्या मोझिलाची बहुतेक मिळकतही गूगलकडूनच येते, ही आणखी एक गंमत!)