वेदनाशामकांच्या नोंदी आणि वेदना : अमेरिकेतील देखरेख-व्यवस्थेची चिकित्सा

अफूवर्गीय वेदनाशामकांच्या चिठ्ठ्यांवर देखरेख ठेवण्याची व्यवस्था अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १९१८ मध्ये सुरू केली. आज औषधविक्रेत्याने दिलेले औषध, त्याचे प्रमाण, तारीख आणि चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर यांची नोंद राज्याच्या संगणकीय नोंदकोशात होते. एकच रुग्ण अनेक डॉक्टरांकडून औषध मिळवीत असल्यास ते वेळीच ध्यानात यावे, हा या व्यवस्थेचा हेतू योग्यच आहे.

तथापि, नोंद म्हणजे निदान नव्हे. अनेक डॉक्टरांची नावे ही व्यसनाची खूण असू शकते, तशीच ती निरनिराळ्या विभागांत चाललेल्या कर्करोगोपचारांचीही असू शकते. नोंदीत मात्रा दिसते, वेदना दिसत नाही. रोग नियंत्रण केंद्राच्या २०१६ मधील मार्गदर्शक सूचना अनेक ठिकाणी ताठर मर्यादा म्हणून राबविल्या गेल्या. औषध एकाएकी बंद केल्याने असह्य वेदना, मानसिक क्लेश आणि आत्महत्या असे गंभीर परिणाम संभवतात, असा इशारा अन्न व औषध प्रशासनाला २०१९ मध्ये द्यावा लागला. २०२२ च्या सुधारित सूचनांनी रुग्णनिहाय लवचिकतेवर भर दिला.

शिवाय, बेकायदा फेंटानिल या नोंदकोशात येतच नाही. २०२१ मध्ये अमलीद्रव्यांच्या अतिसेवनाने अमेरिकेत १ लाखाहून अधिक मृत्यू झाले. त्यांपैकी बहुसंख्य मृत्यूंमागे प्रामुख्याने असेच फेंटानिल होते.

म्हणून चिठ्ठ्यांची घटलेली संख्या हा यशाचा पुरेसा निकष ठरत नाही. संशयास्पद नोंद आढळल्यावर रुग्णाला उपचार मिळाले की नकार, यावरच या व्यवस्थेचे मूल्यमापन व्हावयास हवे.