शब्दवाचनाचा वाद आणि नंदुरबारचा बालवाचक

लिहिलेला शब्द मनुष्य कसा वाचतो, हा मानसशास्त्रातील एक दीर्घकाळ चाललेला वाद आहे. मराठीच्या अभ्यासकाने त्याचे परीक्षण करणे अगत्याचे आहे. कारण वादातील साक्षीपुरावा मुख्यतः इंग्रजीचा आणि निष्कर्ष मात्र सर्व लिप्यांना लावलेले, असा प्रकार येथे घडला आहे.

वादाचे दोन पक्ष आहेत. कोल्टहार्ट यांनी पुरस्कारिलेल्या द्विमार्ग उपपत्तीनुसार वाचक परिचित शब्द मनातील कोशातून सबंध उचलतो आणि अपरिचित शब्द अक्षरांवरून ध्वनी जुळवून उच्चारतो. सायडनबर्ग व मॅक्‌क्लेलंड यांनी १९८९ मध्ये यास हरकत घेतली. नियम व कोश असे दोन विभाग मानण्याचे कारण नाही. लेखन, ध्वनी व अर्थ यांना जोडणारे एकच जाळे सरावाने दृढ होते आणि नियमित व अनियमित दोन्ही शब्द तेच वाचते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

वाद सूक्ष्म आहे खरा. परंतु त्याला धार आली ती इंग्रजी लेखनाच्या अनियमिततेमुळे. डेव्हिड शेअर यांनी २००८ मध्ये या इंग्रजीकेंद्री दृष्टीवर जी टीका केली, ती रास्तच म्हटली पाहिजे. देवनागरीचे प्रश्न निराळे आहेत. ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी लिहितात व नंतर उच्चारतात. अशा शब्दांना हिंदी वाचकांना अधिक वेळ लागतो, असे वैद व गुप्ता यांना २००२ मध्ये आढळले. म्हणजे अक्षर एकसंध दिसले, तरी वाचक त्याचे घटकही वेगळे करतो.

मराठीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ‘चार गाई आण’ आणि ‘गाई रानात चार’ या दोन वाक्यांत ‘चार’ हे लेखन एकच. पण पहिल्यात ‘च’ तालव्य, दुसऱ्यात दंततालव्य. कोणता उच्चार करावा हे अक्षर सांगत नाही. भाषा जाणणाऱ्यालाच ते कळते.

येथेच उभय पक्षांची उणीव उघडी पडते. बोललेला शब्द वाचकाला आधीच ठाऊक आहे, हे दोघांनीही जवळजवळ गृहीत धरले आहे. १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात हे गृहीत टिकत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. अक्राणी, अक्कलकुवा, नवापूर या भागांत अनेक घरांतून पावरी, भिली, मावची बोलली जाते. शाळेचे माध्यम मात्र मुख्यतः मराठी. ग्रिअर्सन यांनी १९०७ मधील खंडात भिल्ल भाषांचा मराठीहून स्वतंत्र विचार केला होता, हेही येथे स्मरावे.

अशा मुलाला लिपी लवकर साधू शकते. तो परिच्छेद खणखणीत वाचतो आणि त्याला अर्थ विचारला, तर गप्प राहतो. २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ पाहणीची मुख्य वाचनकसोटी मोठ्याने वाचण्याची आहे. एवढ्याच कसोटीवर हा मुलगा वाचक ठरेल. उलट, अनोळखी शब्दाशी अडखळणारा दुसरा मुलगा मंदबुद्धी ठरण्याचा धोका आहे. दोन्ही निर्णय चुकीचे.

गफ व टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाकलन हा अक्षरोच्चारण व भाषाकलन यांचा गुणाकार मानला. एक घटक शून्य असेल, तर फलही शून्य. हे सूत्र ढोबळ आहे. दोन्ही घटक एकमेकांवर अवलंबून असतात, हे ‘चार’च्या उदाहरणावरून दिसलेच. तरीही आपल्या प्रश्नाला ते कोल्टहार्ट-सायडनबर्ग वादापेक्षा अधिक उपयोगी पडते. कारण ते निदान कोठे पाहावे हे दाखविते.

म्हणून नंदुरबारमध्ये वाचनाचे संशोधन करू इच्छिणाऱ्याने मुलाच्या हाती पुस्तक देण्यापूर्वी तोच मजकूर त्याला ऐकवावा. आधी शाळेच्या मराठीत, मग घरच्या बोलीत. ऐकूनही मराठी कळत नसेल, तर त्याला बाराखडी पुनःपुन्हा घोकायला लावणे व्यर्थ होय. ऐकून कळते पण वाचता येत नसेल, तरच दोष लिपीच्या अध्यापनात शोधावा. हा भेद न करता काढलेले आकडे उपपत्तीला साह्य करणार नाहीत आणि मुलावर अन्याय मात्र करतील.