प्रवास, श्रद्धा आणि सेवा : फ्रान्सिस झेवियर यांच्या पत्रांचे एक वाचन

सेंट फ्रान्सिस झेवियर हे नाव भारतीय वाचकाला प्रामुख्याने दोन वाटांनी परिचित असते : जुन्या गोव्यातील त्यांच्या शवाचे दर्शन आणि चरित्रकारांनी रंगविलेले चमत्कार. समुद्रात हरवलेला क्रूस खेकड्याने परत आणून दिल्याची कथा ज्यांना ठाऊक असते, त्यांपैकी फार थोड्यांनी त्यांची पत्रे वाचलेली असतात. वस्तुतः ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बन सोडल्यापासून ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यालगतच्या शांगच्वान बेटावर देह ठेवीपर्यंतचे त्यांचे आयुष्य म्हणजे एक अखंड प्रवास होता, आणि त्यांची बरीचशी पत्रे एखादा प्रवास संपताना किंवा पुढच्या जहाजाची वाट पाहताना लिहिलेली आहेत. प्रवासात श्रद्धा कशी टिकली, याचा जबाब या पत्रांतून मिळतो; परंतु तो ध्यानधारणेच्या वर्णनांतून क्वचितच मिळतो. तो मिळतो सोबतच्या माणसांविषयीच्या नोंदींतून, आणि विशेषतः जेथे मदतीचा हात तोकडा पडला त्या जागी.

ही पत्रे खाजगी नव्हेत, हे आरंभीच ध्यानात घ्यावे लागते. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या सहकाऱ्यांना अशी ताकीद दिली होती की, इतरांना दाखविता येईल असा बोधप्रद मजकूर मुख्य पत्रात लिहावा आणि बाकीच्या गोष्टी वेगळ्या कागदावर. झेवियर यांच्या पत्रांच्या नकला युरोपभर फिरल्या. एक पत्र तर त्यांच्या हयातीतच, १५४५ मध्ये, पॅरिसला छापले गेले. तेव्हा सेवेचे वर्णन आले की ते प्रामाणिक असेलच, पण ते निवडलेलेही असणार. तरीही या पत्रांत बोधाच्या गरजेला पुरून उरणारे तपशील आहेत, आणि समीक्षकाची खरी सामग्री तीच होय.

मोझांबिकचा प्रसंग घ्यावा. नवे गव्हर्नर मार्तिम आफोन्सो द सोझा यांच्यासोबत निघालेल्या जहाजांना वाऱ्याअभावी तेथे सुमारे सहा महिने अडकून पडावे लागले. १ जानेवारी १५४२ रोजी तेथून लिहिलेल्या पत्रात झेवियर सांगतात की, दोन महिने त्यांना समुद्र लागत होता, आणि गिनीच्या किनाऱ्यावर वारा पडल्याने चाळीस दिवस साऱ्यांचेच हाल झाले. त्या दिवशी सातव्यांदा रक्त काढून घेतल्याचाही उल्लेख आहे. रक्तमोक्षण हा त्या काळचा मान्य उपचार. म्हणजे आजाऱ्यांची शुश्रूषा करणारा हा माणूस स्वतः आजारी होता. पुढे गोव्यातून २० सप्टेंबर १५४२ रोजी लिहिलेल्या पत्रात त्या मुक्कामाचा हिशेब येतो : पुष्कळ लोक आजारी पडले, ऐंशीच्या आसपास दगावले, आणि तिघे धर्मबंधू सर्व काळ इस्पितळातच राहिले. मिसेर पावलो आणि मान्सिल्यास यांनी रुग्णांच्या शरीराकडे पाहिले. झेवियर यांनी पापनिवेदन ऐकले, ख्रिस्तप्रसाद दिला, आणि तरीही सर्वांपर्यंत पोहोचणे त्यांना जमले नाही. या ओळींना अलंकार नाही. क्रियापदे तेवढी आहेत. चरित्रपरंपरेने या प्रवासातील त्यांच्या नम्रतेच्या आख्यायिका, सेवक नाकारून स्वतःचे कपडे स्वतः धुण्याची कथा वगैरे, मोठ्या हौसेने सांगितल्या. पत्रलेखकाला मात्र स्वतःच्या कपड्यांपेक्षा न पोहोचलेल्या रुग्णांची आठवण अधिक होती.

हा फरक आणखी स्पष्ट व्हावा म्हणून मराठी वाचकाच्या निकटच्या दुसऱ्या एका येशूसंघीय प्रवाशाकडे वळता येईल. ‘क्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये याच मार्गाने गोव्यास आले आणि १० नोव्हेंबर रोजी त्यांनी इंग्लंडमधील वडिलांना प्रवासाचा वृत्तांत लिहिला. ‘क्रिस्तपुराणा’च्या अभ्यासकांनी या पत्राकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे. त्यात समुद्र आहे, पक्षी आहेत, मासे आहेत, पूर्व-पश्चिम अंतर मोजण्याची खलाशांची अडचण आहे. हिरड्या सुजून कापाव्या लागतात, पाय सुजतात, हातपाय हलेनासे होतात, हे स्कर्व्हीचे वर्णन तर वैद्याने करावे इतके नेमके आहे. दीडशेहून अधिक आजारी पडले, सत्तावीस मेले, आणि इतर वेळच्या मानाने हे नुकसान फारसे मानले गेले नाही, असेही ते नोंदवितात. पण या दीडशे जणांच्या उशाशी कोण बसले होते, हे पत्र सांगत नाही. स्टीफन्स यांची निरीक्षणशक्ती झेवियर यांच्यापाशी नव्हती. झेवियर यांच्या पत्रांत समुद्र जवळजवळ दिसतच नाही. मात्र इस्पितळ दिसते.

अर्थात जेथे दृष्टी एकाग्र असते तेथे ती अरुंदही होते. मेलिंदे बंदरावर एका प्रतिष्ठित मुसलमान गृहस्थाने झेवियर यांना विचारले की, ख्रिस्ती लोक प्रार्थनेसाठी चर्चमध्ये नेमाने जातात काय? त्याच्या शहरात सतरा मशिदी होत्या आणि लोक जात ते केवळ तीन मशिदींत; भक्ती का ओसरली हे कोडे त्याला सुटत नव्हते. स्वतःच्या समाजाच्या श्रद्धेची चिंता वाहणारा हा माणूस, आणि लिस्बनपासून हीच चिंता उराशी धरून आलेला हा प्रवासी. दोघांचे दुःख एका जातीचे होते. झेवियर यांनी उत्तर दिले ते मात्र धर्मसिद्धान्ताचे : अश्रद्धांच्या प्रार्थनेत ईश्वर रमत नाही. त्या गृहस्थाचे समाधान झाले नाही, हेही त्यांनीच लिहून ठेवले. संवाद फसल्याची ही नोंद बोधासाठी आवश्यक नव्हती; ती राहिली, हे वाचकाचे भाग्य.

याहून गुंतागुंतीचा प्रसंग जपानच्या वाटेवरचा आहे. २४ जून १५४९ रोजी झेवियर मलाक्काहून एका चिनी व्यापाऱ्याच्या जंकमधून निघाले. या वेळी जहाज परक्यांचे होते. कप्तान मूर्तीसमोर चिठ्ठ्या टाकून पुढे जायचे की नाही ते ठरवी, आणि धर्मोपदेशक निमूटपणे त्या कौलावर अवलंबून राहत. ५ नोव्हेंबरच्या कागोशिमाहून लिहिलेल्या पत्रानुसार, २१ जुलै रोजी खवळलेल्या समुद्रात त्यांचा चिनी सोबती मान्युएल जहाजाच्या तळाशी, पाणी उपसण्याच्या उघड्या जागेत पडला. डोक्याला मार लागला, पण तो वाचला. त्याच्यावर उपचार चालू असतानाच कप्तानाची मुलगी समुद्रात पडली आणि बापाच्या डोळ्यांदेखत बुडाली. रात्रंदिवस आक्रोश चालला. मूर्तीला कारण विचारता कौल मिळाला की, मान्युएल मेला असता तर मुलगी मेली नसती.

झेवियर यांच्या साऱ्या पत्रव्यवहारात याइतके विदारक पान दुसरे नसावे. येथे त्यांना कोणतीही सेवा करता आली नाही : मुलगी वाचविता आली नाही, बापाचे सांत्वन करता आले नाही, आणि त्यांच्या सोबत्याचे जगणे हाच यजमानाच्या दृष्टीने अपराध ठरला. त्यांना कणव येते. परंतु ती मूर्तिपूजकांच्या आत्म्यांच्या दुरवस्थेविषयीची म्हणून व्यक्त होते आणि लगेच जहाजावरील सर्वांच्या जिवाच्या धोक्याकडे वळते. मूल गमावलेला बाप त्या वाक्यात दिसेनासा होतो. पुढे भीतीविषयीचे दीर्घ चिंतन आहे, त्यात ईश्वरावर भरवसा ठेवण्याचा उपदेश आहे. भाविक वाचक या चिंतनापाशी थांबतो. समीक्षकाने त्याआधीच्या आक्रोशापाशी थांबावयास हवे, कारण श्रद्धेची कसोटी तेथे लागली आहे.

गोव्याच्या इतिहासाशी संबंध असलेल्या वाचकाला आणखी एक पत्र वगळता येणार नाही. १६ मे १५४६ रोजी आंबोइनाहून पोर्तुगालच्या राजास लिहिताना याच हाताने भारतात इन्क्विझिशन स्थापन करण्याची मागणी केली. ते न्यायासन गोव्यात आले १५६० मध्ये, झेवियर यांच्या मृत्यूनंतर. पण मागणी त्यांची होती. रुग्णसेवेची पत्रे खरी आणि हे पत्र अपवाद, अशी वाटणी सोयीची असली तरी पत्रसंग्रह तिला आधार देत नाही. आत्म्याच्या हिताची जी तळमळ त्यांना मोझांबिकच्या इस्पितळात नेते, तीच येथे राजसत्तेचे साहाय्य मागते. फरक इतकाच की इस्पितळात ते स्वतः रुग्णापाशी उभे होते. राजाला लिहिताना ज्यांच्यावर हा निर्णय कोसळणार, ती माणसे समोर नव्हती.

शेवटच्या पत्रांत सत्ता उरत नाही. १५५२ च्या ऑक्टोबरात शांगच्वानवर झेवियर कॅंटनला गुपचूप नेण्याचे कबूल केलेल्या एका चिनी व्यापाऱ्याची वाट पाहत होते. मोबदला ठरला होता तो मिऱ्यांच्या रूपात. बेटावर पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या तात्पुरत्या वस्त्या होत्या. तेथे उभारलेल्या चर्चमध्ये ताप येईपर्यंत रोज मिस्सा अर्पिली, मग पंधरा दिवस आजारात गेले, असे ते लिहितात; आणि पुढे, कामाची वाण येथेही नाही : पापनिवेदन ऐकणे, आजाऱ्यांना भेटणे, भांडलेल्यांचा समेट घडविणे. मोझांबिकच्या पत्रातील तीच क्रियापदे, दहा वर्षांनी, जवळजवळ त्याच क्रमाने. व्यापारी आला नाही.