लाडबोरीची कडी आणि गंगाधरपंतांचा मुलगा

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची संध्याकाळ. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लोकांना आभाळातून जळत जाणाऱ्या रेघा दिसल्या. तोंडाचा आ वासायच्या आधी खिशातला मोबाइल बाहेर आला, व्हिडिओ निघाले. थोड्या वेळाने लाडबोरी गावात माणसापेक्षा मोठी धातूची कडी पडलेली सापडली, नंतर आसपासच्या भागात धातूचे गोळे. पोलीस आले, मागून इस्रोचे वैज्ञानिक आले. चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असा अंदाज जाणकारांनी मांडला.

त्या रात्री आमच्या अभ्यासिकेत एमपीएससीची पुस्तकं लवकर मिटली आणि चहाच्या टपरीवर वाद पेटला. एक मित्र म्हणाला, "ही तर नारळीकर सरांची गोष्ट झाली बे!" दुसऱ्याने लगेच टोला हाणला, "सरांची गोष्ट असती तं आतापर्यंत एक प्राध्यापक येऊन रॉकेटचे टप्पे समजावून गेला असता."

जयंत नारळीकरांच्या कथा वाचत मोठं झालेल्या कुठल्याही दोन माणसांना एकत्र बसवा, हा वाद हमखास होतो. त्या कथा मालिका म्हणून लिहिलेल्या नाहीत, पण वाचक त्या मालिकेसारख्याच वाचतात. 'यक्षांची देणगी' झालं की 'प्रेषित', मग 'वामन परत न आला', मग 'व्हायरस'. मालिकेच्या चाहत्यांत होतात तसेच इथेही तट पडतात. एक तट म्हणतो, विज्ञानकथेत कल्पना हीच नायक असते, भाषेचा फुलोरा हवाय कशाला? दुसरा म्हणतो, कल्पना जबरदस्त आहे, पण माणसं पुठ्ठ्याची आहेत. आणि एक तिसरा तट असतो, तो वादच बंद पाडतो: "एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या लेखनाला नावं ठेवणारे आपण कोण?"

आधी या तिसऱ्या तटाचं बघू. त्याला उत्तर खुद्द नारळीकरांनीच देऊन ठेवलं आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. केंब्रिजमध्ये नाव कमावलेला हा माणूस तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होता. खरं नाव घातलं असतं, तर परीक्षकांनी कथा वाचायच्या आधीच मान डोलावली असती. त्यांना ते नको होतं. कथेला पहिलं बक्षीस मिळालं, ते जगतापांच्या कथेला. लेखकाने आपली प्रतिष्ठा दाराबाहेर काढून ठेवली होती, आणि चाहते ती पुन्हा आत आणून कथेसमोर ढाल म्हणून धरतात. २०२१ला नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, मे २०२५मध्ये ते गेले. आता तर ही ढाल आणखी जड झाली आहे. पण ती बाजूला ठेवून वाचणं हाच त्यांच्या लेखनाचा मान आहे, असं मला वाटतं.

तर मग एक कथा जगतापांची आहे असं समजून वाचू. 'गंगाधरपंतांचे पानिपत'. सीबीएसईवाल्या बऱ्याच जणांनी ती अकरावीला इंग्रजीतून वाचली असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईला जायला निघतात आणि एका वेगळ्याच मुंबईत उतरतात. तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून धंदा करते आहे. १४ जानेवारी १७६१ला विश्वासरावांच्या कानाजवळून गोळी निसटून गेली, ते वाचले, पानिपत मराठ्यांनी जिंकलं. पंत टाउन हॉलच्या ग्रंथालयात बसून हा इतिहास वाचून काढतात. संध्याकाळी आझाद मैदानावर एका सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसते. शेकडो सभांचे अध्यक्ष राहिलेल्या पंतांना ते सहन होत नाही. ते जाऊन बसतात, भाषण ठोकायला लागतात आणि अंडी-टोमॅटोंचा मारा खातात. शेवटी शुद्धीवर येतात ते आपल्याच जगात. मग राजेंद्र देशपांडे नावाचा मित्र त्यांना पुंजभौतिकी समजावून सांगतो.

पुठ्ठ्याची माणसं म्हणणाऱ्या मित्राने नेमकं इथेच बोट ठेवलं. "दोघं खोलीत बसले, एक बोलते, दुसरा मान हलवते. हे का लेखन होय?"

मला त्याचं म्हणणं अर्धंच पटतं. आमच्याकडे दिवाळीनंतर झाडीपट्टीचा हंगाम सुरू होतो. वडशाहून कंपन्या निघतात आणि गावोगाव रात्रभर नाटक चालतं. त्या नाटकात पात्र रंगमंचाच्या पुढे येऊन लांबलचक बोलतं. कधी हुंड्यावर, कधी दारूवर, कधी शेतीवर. म्हणजे चक्क समजावून सांगतं. तरी थंडीत शाल गुंडाळून बसलेला माणूस पहाटेपर्यंत उठत नाही, कारण बोलणाऱ्याची पोर नांदत नसते, नाहीतर त्याचं वावर गहाण असतं. या प्रेक्षकाला समजावण्याचं वावडं नाही. ज्याचं काही अडकलेलं नाही, अशा माणसाने समजावलं की तो उठून चहा प्यायला जातो. राजेंद्र देशपांडेचं या प्रकरणात काहीच अडकलेलं नाही. त्याचा सिद्धांत खोटा ठरला असता तरी त्याच्या घरी काही बिघडलं नसतं. म्हणून तो परिच्छेद जड जातो. त्यातलं भौतिकशास्त्र बदनाम झालं ते उगाच.

आणि पंतांचं काही अडकलं आहे का? आहे. चाहत्यांच्या दोन्ही तटांना ते दिसत नाही, याचं मला नवल वाटतं. त्या वेगळ्या मुंबईत पंत फोर्ब्सच्या इमारतीत जातात आणि चौकशी करतात: विनय गायतोंडे इथे काम करतात का? खिडकीतली मुलगी यादी चाळते. त्या नावाचं कोणी नाही. विनय हा पंतांचा मुलगा. बाप उभा आहे, शहर उभं आहे, कचेरी उभी आहे, आणि यादीत मुलगा नाही. पंत मनाशी तर्क करतात की या जगात कदाचित आपणही नसू, मग मुलाची काय हमी? मुलीचे आभार मानतात आणि ग्रंथालयाकडे वळतात.

कथा इथे अवघ्या काही ओळी थांबते. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मीही पुढे सरकलो, मलाही पानिपताची घाई होती. दुसऱ्यांदा वाचताना अडकलो. ताडोब्याच्या गाभ्यातून बोटेझरी, नवेगाव (रामदेगी), जामणी ही गावं बाहेर हलवली गेली. जिथे घरं होती तिथे आता गवताची कुरणं आहेत आणि त्यांच्या कडेने वाघ बघायला आलेल्यांच्या जिप्सी उभ्या राहतात. तिथला एखादा म्हातारा बाहेर नव्या वसाहतीत बसून जुन्या गावाची वाट सांगतो तेव्हा तो समांतर विश्वाचीच गोष्ट सांगत असतो. फक्त ते समजावायला त्याच्याकडे कोणी राजेंद्र देशपांडे येत नाही.

नारळीकरांनी तो प्रसंग फुलवला नाही, हा दोष की गुण? माझा निवाडा असा: त्या जागी कोरडेपणा हाच गुण आहे. रडारड न करता आभार मानून निघून जाणारा हा विद्वान बाप मला खरा वाटतो. आपल्याकडचे पुष्कळ बाप असेच असतात. दोष पुढे आहे. कथा परत आपल्या जगात येते तेव्हा पंत विश्वासरावांबद्दल बोलतात, बखरीच्या फाटक्या पानाचा पुरावा देतात, यापुढे सभांचं अध्यक्षपद नको म्हणतात. हे सगळं छान आणि मिश्कील आहे. पण मुलाला एक फोन लावत नाहीत. त्या एका फोनने माझ्या मित्राचा पुठ्ठा माणूस झाला असता, आणि राजेंद्रचा सिद्धांत ऐकायला आम्ही पहाटेपर्यंत बसलो असतो.

त्यांच्या आत्मचरित्राचं नाव आहे 'चार नगरांतले माझे विश्व'. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे. त्या नगरांत विचारायला कोणीतरी जाणकार जवळपास असतो, म्हणून त्या कथांत उत्तर शेजारच्या खुर्चीवर बसलेलं असतं. लाडबोरीत आधी कडी आली. उत्तर दूरवरून, उशिरा आलं, तेही 'असावेत' असं. मधल्या वेळात लोकांनी तिच्याभोवती फिरून पाहिलं, मुलांना मागे ओढलं, एकमेकांना विचारलं. या मधल्या वेळाची विज्ञानकथा मराठीत मी अजून वाचलेली नाही.

टपरीवरच्या वादाचा निकाल त्या रात्री लागला नाही. चाहता मित्र उठताना म्हणाला, "मंग तूच लिही ना बे." पुठ्ठेवाला म्हणाला, "लिही, पण नाव बदलून पाठव."